एकाचे नऊ

माझ्या साडूच्या वेबसाइटच्या तळाशी मी एक खोटा आकडा लावला होता. त्याची ही गोष्ट. आधीच सांगून ठेवतो, हिच्यात मी चांगला दिसत नाही.

तसा मी चांगला दिसावा अशी कुणाची अपेक्षाही नसते म्हणा. बावन्न वर्षं झाली, पण जित्याची खोड. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एका अंगाला झेरॉक्स मशीन, दुसऱ्या अंगाला पोटं उघडून ठेवलेले कॉम्प्युटर, मधे मी. समोरच्या सलूनवाल्याच्या माउसखाली मी एकदा चिकटपट्टीचा तुकडा लावला. गडी अर्धा तास माउस टेबलावर घासत होता, शेवटी साबणानं धुवायला निघाला. विमा एजंटाच्या स्क्रीनचा फोटो काढून तोच स्क्रीनवर लावला आणि क्लिक करायची खरी चिन्हं लपवली. तो त्या फोटोवर क्लिक करत बसला आणि वर मलाच फोन करून म्हणाला, "याला माझा राग आलाय." दोघंही नंतर हसले. कारण माझा एक नियम होता, गंमत त्याच दिवशी सांगून टाकायची. शिळी गंमत आंबते.

साडूच्या बाबतीत मी ती पाच महिने आंबवली.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. एका मोठ्या हॉस्पिटलात रेकॉर्ड सांभाळतो. कुठल्या पेशंटची फाइल कुठल्या कपाटात, कितव्या खणात, हे त्याला झोपेतून उठवून विचारा. मग एक दिवस सगळं कॉम्प्युटरवर आलं आणि चोपन्नाव्या वर्षी त्याच्या हातात माउस आला. त्यानं तो इस्त्रीसारखा धरला. खात्यात नवीन लागलेली तिघं होती, त्यांना फुकटचा खेळ मिळाला. एकानं त्याच्या टेबलावर पाटी ठेवली, 'हळू चालवा, काका शिकत आहेत.'

मला ती पाटी फार आवडली होती. तेवढंही कबूल करून टाकतो.

पण गडी शिकला. दर वेळी कुणाला तरी विचारायचं, त्याचं हसू झेलायचं आणि उत्तर वहीत उतरवून घ्यायचं. वर्षभरात दोन वह्या भरल्या. मग एका दुपारी तो दुकानात आला.

"मला एक वेबसाइट काढून दे."

"कशाची?"

"कॉम्प्युटरच्या साध्यासाध्या गोष्टींची."

"आणि लिहिणार कोण?"

"मी."

मी स्टुलावरून पडायचाच राहिलो.

"हसून घे," तो म्हणाला. "झालं? आता ऐक. मला जे जे विचारायला लाज वाटली ते मी लिहून ठेवलंय. अजून कुणालातरी वाटत असेलच की. त्यानं घरी बसून वाचावं, बस."

दिली काढून. त्याला लिहायला एक सोपं पान दिलं, बाकीची सगळी बटणं लपवून टाकली. म्हटलं, हा काहीतरी दाबेल आणि मला रोज धावावं लागेल. आणि त्यानं लिहायला सुरुवात केली. एका बोटानं.

'बटण एकदाच दाबा आणि थांबा. आपण दार वाजवतो तेव्हा आतल्या माणसालाही उठून यायला वेळ लागतो. पाच वेळा वाजवलंत तर पाच माणसं उठतील आणि दारातच अडकतील.'

'अक्षरं बारीक दिसतात? लगेच डोळ्यांना दोष देऊ नका. कंट्रोलचं बटण दाबून धरा आणि अधिकचं चिन्ह दाबा. चष्मा नंतर बदला.'

'काही पुसलं गेलं तर आधी हात वर घ्या. मग कंट्रोल आणि झेड. पहिल्या चुकीनं फारसं बिघडत नाही, घाबरून केलेल्या दुसरीनं बिघडतं.'

वीस वर्षं या धंद्यात आहे, पण गिऱ्हाइकाला मी इतकं सोपं करून कधी सांगितलेलं नाही. सोपं करून सांगितलं तर ते परत कशाला येईल? प्रत्येक पानाच्या शेवटी साडूची एक ओळ असायची, 'अडलं तर खाली विचारा. लाजू नका.'

दोन आठवड्यांनी त्यानं विचारलं, "किती लोक वाचतात ते कळतं का रे?"

"कळतं की. खाली आकडा लावून देतो. आपोआप वाढत जाईल."

तो 'कळतं का' म्हणाला तिथंच माझ्या डोक्यात किडा वळवळला होता. आकडा लावला, पण असा की कुणीही पान एकदा उघडलं की त्यात नऊ वाढायचे. एकाचे नऊ. पहिल्याच दिवशी साडूचा फोन.

"छत्तीस लोक येऊन गेले! लावल्या दिवशी छत्तीस!"

"वा, साडूभाऊ, वा," मी म्हटलं आणि फोन तोंडापासून लांब धरला. बायको शेजारीच होती, तीही हसली. त्यानं स्वतःच चार वेळा पान उघडून बघितलं होतं. चार नवे छत्तीस.

"भाऊजींना आजच सांगा हं," बायको म्हणाली.

"रविवारी सांगतो. घरी जाऊ तेव्हा."

रविवारी गेलो तर त्यानं दारातच माझा हात धरला. तीनशे पंधरा. आपला आकडा बघायला तो दिवसातून सात-आठदा पान उघडत होता, त्यानं आकडा वाढत होता, आणि वाढलाय म्हणून तो पुन्हा उघडत होता. मला खरं तर त्या यंत्राचं कौतुकच वाटायला लागलं. असं आपोआप चालणारं काही मी आयुष्यात बनवलं नव्हतं. सांगायचं राहिलं. पुढच्या रविवारीही राहिलं. बायको विचारायची, "सांगितलंत?" मी म्हणायचो, "योग्य वेळ बघतोय." मग तिनं विचारायचं सोडलं. बायको विचारायची थांबते तेव्हा आपण समजायचं असतं. मी नाही समजलो.

साडू मात्र बदलत गेला. पहिल्यांदा त्यानं टेबलावरची ती पाटी उचलून ड्रॉवरमध्ये टाकली. हजार झाले त्या दिवशी खात्यातल्या तिघांना आकडा दाखवला. तिघं गप्प. पुढं त्यातलीच एक मुलगी त्याला छापायच्या कागदाचा आकार कसा बदलायचा ते विचारायला आली. हे त्यानं मला तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा ती कुठं उभी होती तेही.

"आणि एक बघ," तो म्हणायचा, "एवढे लोक वाचतात, पण शंका एकाचीही नाही. खाली विचारा म्हणून लिहितो, कुणी विचारत नाही. म्हणजे माझं लिहिणं स्वच्छ आहे. सगळ्यांना समजतंय."

"तर काय," मी म्हणायचो.

पाच महिन्यांनी आकडा अकरा हजारांवर गेला आणि एका रविवारी जेवणं झाल्यावर साडूनं जाहीर केलं की पुढच्या रविवारी चार वाजता तो वाचकांना भेटणार. वाचनालयाच्या वरचा हॉल घेतलाय. वेबसाइटवर तसं लिहिलंयही. ऐंशी खुर्च्या सांगितल्यात.

"ऐंशी?" माझ्या तोंडून निघालं.

"शंभरात एक आला तरी एकशे दहा होतात. काही उभे राहतील. खात्यातल्या तिघांनाही सांगितलंय. येतो म्हणाले, काका, एवढे लोक बघायचेच आहेत."

ताई, म्हणजे माझी मेव्हणी, टेबल पुसत होती. तिच्या जिभेला हाड नाही. "एकोणतीस वर्षं या घरात यांचं कुणी ऐकलं नाही, मी धरून," ती म्हणाली. "आता अकरा हजार माणसं ऐकतात म्हणे. तेव्हा मीही येते ऐकायला. पहिल्या रांगेत बसते, बघू काय बोलता."

साडू लाजून हसला. एवढा मोठा माणूस, कान लाल झाले. माझ्या बायकोनं माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही.

सोमवारी मी दुकानात खरी नोंद उघडली. प्रत्येक वेबसाइटच्या मागे ती असते, कोण कधी आलं, कुठून आलं. साडूला मी ती दाखवलेली नव्हती. म्हटलं, बघू तरी, ऐंशी खुर्च्यांवर बसायला खरोखर कोण आहे. पान एकूण बाराशे तेवीस वेळा उघडलं गेलं होतं. त्यातल्या एक हजार सेहेचाळीस वेळा साडूनं स्वतः, घरून आणि ऑफिसातून. तीसेक वेळा मी, हसायला. उरले एकशे सत्तेचाळीस. हे कोण, म्हणून उघडून बघितलं तर एकोणतीस माणसं. खरी. काही दर आठवड्याला येत होती.

मग मला प्रश्न पडला. एकोणतीस माणसं वाचतायत, आणि शंका एकालाही नाही?

आणि मग आठवलं. वेबसाइट बनवताना मी प्रश्नांच्या चौकटीला कुलूप घातलं होतं. कुणी काही विचारलं तर आधी कळवलं जाईल, परवानगी दिली की मगच ते पानावर दिसेल. सगळेच असं करतात, नाहीतर जाहिरातवाले घाण टाकतात. पण कळवायला पत्ता कुठला दिला? माझाच. तोही जुना, जो मी कुठंही फुकट काही घेताना ठोकून देतो आणि वर्षानुवर्षं उघडत नाही. जाहिरातींच्या उकिरड्यात हात घालून एकेक शोधलं. सव्वीस निघाले.

'सर, कंट्रोल आणि अधिक केलं, अक्षरं मोठी झाली, आता परत लहान कशी करू? माझे मिस्टर रागावलेत.'

'माझा लॅपटॉप चालू झाला की आपोआप सतरा गोष्टी उघडतात. त्या उघडू नयेत म्हणून काय करावं? मी रिटायर्ड आहे, मुलांना विचारायची सोय नाही.' दोन महिन्यांपूर्वीचा.

आणि एका बाईचे तीन. पहिला, 'दादा, आईचे फोटो आणि तिचा आवाज माझ्या फोनमध्ये आहे, फोन मरायला टेकलाय. कॉम्प्युटरवर कसं घ्यायचं ते सोप्या भाषेत लिहाल का? तुमचं समजतं.' सहा दिवसांनी दुसरा, 'दादा, माझा प्रश्न पोचला का? फोन आता मधेच बंद होतोय.' त्यानंतर नऊ दिवसांनी तिसरा. 'राहू द्या. बंद पडला.'

ते काम पाच मिनिटांचं असतं. एक वायर लागते. माझ्या दुकानात तसल्या वायरींनी एक अख्खी बादली भरलेली आहे.

त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं, पण साडूकडे गेलो नाही. मंगळवारी गेलो, तर त्याच्या घराच्या खालून परत आलो. बुधवारी फोन लावला आणि तो उचलल्यावर विचारलं, "हॉलमध्ये पंखे आहेत ना?" असा मी. दुसऱ्याला लाज आणायची असली की माझं डोकं विजेसारखं चालतं.

गुरुवारी तोच दुकानात आला. हातात सहा पानं, वहीतल्या निवडक गोष्टी, स्वच्छ टाइप केलेल्या.

"शंभर प्रती काढ. प्रत्येकाला एक. नीट काढ हं, कडेला काळं यायला नको."

मी पानं मशीनवर ठेवली. मशीन चालू झालं. तो प्रत्येक कागद हातात घेऊन, कडा जुळवून गठ्ठा लावत होता. तिसाच्या पुढं मला बघवेना. मशीन बंद केलं.

"कागद संपला?"

"साडूभाऊ, तो आकडा खोटा आहे."

"कुठला?"

"खालचा. एकानं उघडलं की नऊ वाढतात. मी तसं लावलंय. गंमत म्हणून."

तो हसला. मी हसतो का ते बघत होता. मी हसलो नाही, तसं त्याचं हसू हळूहळू उतरत गेलं. हातातला कागद त्यानं गठ्ठ्यावर ठेवला आणि कडा जुळवल्या.

"नऊच का?" त्यानं विचारलं. "दहा का नाही?"

"दहा केले असते तर शेवटी कायम शून्य दिसलं असतं. तुम्हाला कळलं असतं."

हे उत्तर माझ्याकडे तयार होतं, याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

त्यानं खिशातलं पेन काढलं, एका प्रतीच्या मागे भागाकार केला. रेकॉर्डचा माणूस. "बाराशेच्या वर. यातले माझे किती?"

"हजाराच्या वर."

"हं." त्यानं पेनाला टोपण लावलं. "तुझ्या ताईला माहीत आहे?"

"नाही. हिला माहीत आहे. ती पहिल्या दिवसापासून सांग म्हणत होती."

"सगळे मिळून हसलात का?"

"एकदाच. पहिल्या दिवशी."

तो जायला वळला. मी त्याला थांबवलं आणि ते सव्वीस प्रश्न छापून ठेवले होते ते हातात दिले. हे काय, कुठून आले, इतके दिवस कुठं होते, वाचणारी खरी माणसं एकोणतीसच कशी, सगळं सांगितलं. तो उभ्या उभ्या वाचायला लागला. मला वाटलं होतं आता तरी ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला ओरडून घ्यायची सवय आहे. त्या बाईच्या तीन कागदांपाशी तो थांबला. पहिला वाचला, दुसरा वाचला, तिसरा वाचला, पुन्हा पहिल्यावर गेला.

"लाजू नका असं मी लिहिलं होतं," तो म्हणाला. "हिनं विचारलं. आणि मी उत्तर दिलं नाही."

"तुम्ही कुठं, मी..."

"तिला काय माहीत तू कोण?"

तो निघून गेला. छापलेल्या प्रती घेऊन गेला, उरलेल्या काढ म्हणाला नाही.

मला वाटलं, कार्यक्रम रद्द करेल. त्यानं केला नाही. शुक्रवारी आणि शनिवारी वेबसाइटवर एकामागून एक उत्तरं येत गेली. सतरा गोष्टी आपोआप उघडतात त्याचं उत्तर दीड पान होतं. अक्षरं परत लहान करायची असतील तर उणेचं चिन्ह, आणि 'मिस्टरांना सांगा, चूक माझी, मी एकच बाजू लिहिली.' आकडा काढायला त्यानं मला सांगितलं नाही. मीच काढला.

रविवारी हॉलमध्ये आम्ही धरून चौदा माणसं होती. ऐंशी खुर्च्या आणि चौदा माणसं. ताई पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून. खात्यातली तिघं मागे, भिंतीला टेकून. सव्वाचार झाले, साडेचार झाले. त्यातला एक बऱ्यापैकी मोठ्यानं म्हणाला, "काका, बाकीचे दहा हजार लिफ्टमध्ये अडकलेत का?"

ताईनं मागे वळून बघितलं. मग साडूकडे. तिला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

साडू उभा राहिला. "आकड्यात चूक होती," तो म्हणाला. "मी बघायला हवं होतं. रेकॉर्डचं काम करतो, मीच तपासायला हवं होतं. तेवढे लोक नाहीत. एकोणतीस आहेत." आणि बसला.

माझं नाव त्यानं घेतलं नाही. घेईल म्हणून मी कडेला बसून वाट बघत होतो. तो घेणार नाही हे कळलं तेव्हा मी उठलो.

"चूक यांची नाही. आकडा मी खोटा लावला होता. यांची टिंगल करायला. लोकांचे प्रश्नही माझ्याकडेच अडकून होते, यांना एकही दिसला नाही."

आणि लोक हसले. खरंच सांगतो. तिघं तर हसलेच, पण सलूनवाला आला होता तोही, त्याची बायकोही. मी तोंड उघडलं की गंमतच असणार, ही मी तीस वर्षं राबून कमावलेली पत. "खरं सांगतोय," मी म्हटलं, तर अजून हसले. ताई तेवढी हसली नाही. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी नजर खाली घेतली.

दुसऱ्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ मांडीवर लॅपटॉपची पिशवी घेऊन बसले होते. तेही हसले नव्हते. त्यांनी मला विचारलं, "सतरा गोष्टी आपोआप उघडतात, तो माझा प्रश्न. तो तुमच्याकडे होता?"

"हो."

"दोन महिने?"

"हो."

ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले, मग मान वळवून साडूला म्हणाले, "तुमचं काल वाचलं. तिसऱ्या पायरीला अडलोय. बघता का?"

साडूनं त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली. हळूहळू बाकीच्याही खुर्च्या ओढल्या गेल्या. एक बाई फोन घेऊन उठली. ताईही उठली आणि नवऱ्याच्या खांद्यावरून डोकावून म्हणाली, "माझ्या फोनवरची अक्षरं मोठी करायचीत. पण माझा नंबर आला की सांगा." ते दोन तास चाललं. मागच्या तिघांमधली ती मुलगी पुढं जाऊन बसली, दोघं निघून गेले. मी भिंतीला लागून उभा. मला कुणी जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही.

सगळे गेल्यावर साडू माझ्याकडे आला. खिशातून घडी केलेले तीन कागद काढले. त्या बाईचे.

"बाकीच्या सगळ्यांना मी लिहिलं," तो म्हणाला. "हिला मी लिहिणार नाही. हिला तू लिही. तुझ्या नावानं."

"काय लिहू?"

"मला काय विचारतोस?"

सोमवारी दुकानात बसलो. मी बोलण्यात कधी अडलोय असं झालेलं नाही, पण तीन ओळींना दुपार गेली. पहिल्यांदा जरा हलकंफुलकं लिहिलं, सवयीनं. पुसलं. मग कारणं लिहिली, तो जुना पत्ता, त्या जाहिराती. तीही पुसली. शेवटी वेबसाइटवर तिच्या प्रश्नाखाली राहिलं ते एवढं:

'ताई, तुमचे तिन्ही प्रश्न माझ्याकडे पोचले होते. मी उघडले नाहीत. ज्यांना तुम्ही विचारलं त्यांचा यात दोष नाही. बंद पडलेल्या फोनमधूनही कधीकधी निघतं. फेकला नसेल तर घेऊन या.' खाली माझं नाव, दुकानाचा पत्ता, फोन.

त्याला आता चार महिने झाले. ती आलेली नाही. दुकानात कुणी अनोळखी बाई शिरली की मी हातातलं काम ठेवतो, आणि ती म्हणते, दोन झेरॉक्स.